नाटकातला बाप आणि मी

माझ्या मुलीने आमच्या घरावर नाटक लिहिलं आणि त्यात मला खलनायक केलं. आता हे मी शांतपणे लिहितो आहे. पण तिने तो कागदांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला, त्या दिवशी मी दुकानाचं शटर भर दुपारी खाली ओढलं होतं. ओसाकातल्या आमच्या बाजारगल्लीत भर दुपारी शटर ओढलं म्हणजे एक तर घरात कुणी गेलं, नाहीतर धंदा बसला. समोरची लोणचीवाली एप्रनला हात पुसत विचारपूस करायला आली. तिला काय सांगणार? मुलीने नाटक लिहिलं म्हणून दुकान बंद?

थोरली इथल्या प्राथमिक शाळेत संगीत शिकवते. धाकटा तोक्योला, कोतो वॉर्डात असतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोघं इथेच जन्मली. त्यांची आई जपानी, याच गल्लीत लहानाची मोठी झालेली. आमच्याकडे मराठी लोकांचं एक मंडळ आहे. बहुतेक सगळे पुण्यामुंबईहून कंपनीने पाठवलेले इंजिनियर आणि त्यांची कुटुंबं. दिवाळीचा कार्यक्रम वॉर्डाच्या सभागृहात होतो. दर वर्षी तेच नाच आणि तोच फॅशन शो बघून लोक कंटाळले होते, म्हणून मंडळाने या वेळी माझ्या मुलीला सांगितलं की तू काहीतरी नवीन बसव. तिने तासाभराचं संगीत नाटक लिहिलं. विषय, एक गाणारं मराठी-जपानी घर. म्हणजे आम्हीच. नावं बदलली होती, पण कोपऱ्यावरचं मसाल्याचं दुकान, जपानी आई, दोन मुलं आणि हार्मोनियम इतकं एकत्र दुसऱ्या कुणाच्या घरात सापडणार?

साचा तिने त्या जगप्रसिद्ध गाणाऱ्या कुटुंबाच्या संगीतिकेचा घेतला होता. बिनआईची सात मुलं, शिट्टी फुंकून त्यांना रांगेत उभं करणारा कडक बाप, मठातून आलेली गाणारी शिक्षिका, तिच्यामुळे विरघळणारा बाप, आणि शेवटी हिटलरच्या तावडीतून डोंगर ओलांडून निसटणारं सगळं कुटुंब. जपानमध्ये ही गोष्ट माहीत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. त्यातलं सूर शिकवणारं गाणं इथल्या शाळांतून प्रत्येक मूल शिकतं. माझ्याही दोघांनी घरी ते इतकं घोटलं होतं की मला ते झोपेत ऐकू यायचं.

मुलीच्या नाटकात शिट्टीच्या जागी टाळी होती. बाप टाळी वाजवतो आणि मुलं हार्मोनियमसमोर येऊन उभी राहतात. मैत्रिणीचा वाढदिवस असो की सहल, शनिवारचा सराव चुकवायचा नाही. घरात हसणं नाही, बोलणं नाही. मग आई एक जपानी अंगाई गाते, मुलं तिच्या कुशीत शिरतात, आणि दाराआडून ऐकणारा बाप लोण्यासारखा विरघळतो.

आता खरी परिस्थिती सांगतो. माझी बायको फार गुणी बाई आहे, पण तिला एक सूर धरता येत नाही. तिने अंगाई म्हटली की झोपलेली मुलं जागी व्हायची. आमच्या घरात गाणं आणलं असेल तर मी आणलं. ओव्या, गवळणी, भूपाळ्या, आईकडून ऐकलेलं जे जे आठवत होतं ते सगळं मी मुलांना शिकवलं. आणि नाटकात मी दाराआड उभा.

मुलीला काही हवं असलं की ती मराठी बोलते आणि भांडायचं असलं की ओसाकाची जपानी. त्या दिवशी तिने मराठीतच सुरुवात केली.

"बाबा, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी हे बसवणार नाही. पण नाही म्हणालात तर दुसरं लिहायला आता वेळ नाही. मंडळाला मी जमत नाही म्हणून कळवीन."

म्हणजे पेच माझ्या गळ्यात. हो म्हणालो तर ओसाकापासून कोबेपर्यंतच्या सगळ्या मराठी घरांत मी टाळी वाजवून मुलांना उभं करणारा बाप ठरणार. हीच माणसं माझी गिऱ्हाइकं. यांच्याच बायका शनिवारी हळद आणि तूरडाळ न्यायला येतात. आणि नाही म्हणालो तर मुलीचं पहिलं नाटक मी मारलं असं होणार, म्हणजे पुन्हा मी तोच बाप.

सौद्यात समोरचा असा दोन्ही बाजूंनी बंद करतो तेव्हा पहिल्यांदा वस्तूतला दोष दाखवायचा असतो. मी म्हणालो की टाळी काढ. ती म्हणाली, टाळी काढली तर नाटकात उरतं काय? मी म्हणालो, बाप उरतो. त्यावर ती जपानीवर आली. गोड बापाचं नाटक कोण बघतं, असं तिचं म्हणणं. कुणीतरी विरघळायला हवं, नाहीतर लोक टाळ्या कधी वाजवणार? मग माझा आवाज चढला, तिचा माझ्यापेक्षा चढला. ती सायकल काढून गेली आणि मी शटर ओढलं.

या टाळीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. ओसाकाच्या व्यापाऱ्यांची जुनी रीत आहे. सौदा ठरला की दोन्ही बाजू मिळून टाळ्या वाजवतात: दोन, पुन्हा दोन, आणि शेवटी तालात तीन. हल्ली ती लग्नात आणि कंपनीच्या पार्टीच्या शेवटी ऐकू येते, पण मूळची बाजारातली. टाळी वाजली की सौदा पुन्हा उघडायचा नाही. कागद नको, शिक्का नको. माझे वडील सांगलीला हळदीच्या सौद्यांत तोलार होते. तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा आणि एकदा हात सुटला की शब्द फिरायचा नाही. त्यामुळे मी इथे एका करीच्या हॉटेलात भांडी घासायला आलो तेव्हा जपानी भाषा कळायला कितीतरी वर्षं लागली, पण ही टाळी पहिल्या दिवशीच कळली.

घरी मुलांशीही माझे सौदेच चालायचे. थोरली बालवाडीत जायला लागली आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायला लागली. दटावून काही होईना. मग मी भाव लावला. गवळणीची चार कडवी म्हटलीस तर कार्टून. ती म्हणायची, एक. मी तीनवर यायचो, ती दीडवर. दीड कडवं म्हणजे काय हे तिचं तिलाच ठाऊक. शेवटी दोनवर पटलं की आम्ही समोरासमोर बसून ती ओसाकाची टाळी वाजवायचो. एवढीशी पोर माझ्याशी घासाघीस करते याचा मला केवढा अभिमान वाटायचा. माझ्या लेखी टाळी म्हणजे आमच्या दोघांत पटलेला सौदा. तिच्या नाटकात टाळी म्हणजे हुकूम.

मी धाकट्याला फोन लावला. धाकटा वकिलासारखा आहे, दोन्हीकडचं ऐकून घेतो आणि कुणाचीच बाजू घेत नाही. त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, ते मी सोडून दिलं. मग म्हणाला की बाबा, त्या मूळच्या कुटुंबाची खरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे का? ती नाटकासारखी नव्हतीच.

मग त्याने सांगितलं ते मी दुकानातल्या पोत्यावर बसून ऐकलं. त्या घरातला खरा बाप मुळीच कोरडा नव्हता. मऊ स्वभावाचा माणूस, गाण्याची आवड असलेला. नवी आई यायच्या आधीपासून त्या घरात गाणंबजावणं होतं. शिट्टी मात्र खरी. तो आरमारातला अधिकारी, घर आणि बाग अवाढव्य, मुलं कुठेकुठे पांगलेली. हाक पोहोचायची नाही म्हणून शिट्टी, आणि प्रत्येक मुलाची शिट्टी वेगळी. राग होता तो त्या नव्या आईचा. तिचा पारा असा चढायचा की दारं आपटायची, आणि घटकाभरात सगळं विसरून ती हसत असायची. डोंगरबिंगर कुणी चढलं नाही. घराजवळून आगगाडी जायची, त्या गाडीने सगळे सामानसुमान घेऊन दिवसाढवळ्या इटलीला गेले. नाटकातल्या डोंगरावरून गेले असते तर थेट जर्मनीतच उतरले असते.

"आणि ते पैशासाठी का गायला लागले माहितीये?" धाकटा म्हणाला. "बँक बुडाली. होतं नव्हतं ते गेलं."

पुढचं ऐकून तर माझ्यातला दुकानदार उठून उभा राहिला. त्या बाईने आपल्या गोष्टीचे हक्क एका सिनेमाकंपनीला एकरकमी विकून टाकले होते. पुढे संगीतिका झाली, मोठा सिनेमा झाला, जगाने पैसा मिळवला. त्या घराला त्यातलं फारसं काही मिळालं नाही. पैशाचं सोडा. नवऱ्याला इतकं कडक दाखवू नका म्हणून ती त्या लोकांना सांगून थकली, मुलांनाही ते लागलं, पण ऐकतो कोण? एकदा विकलं की विकलं. तो माणूस तोवर जिवंतही नव्हता. जगभरातले लोक आजही त्याला शिट्टीवाला म्हणून ओळखतात.

मी फोन ठेवला. डोंगर चढणारा बाप सगळ्यांना दिसतो. मुलाबाळांचं सामान बांधून आगगाडीत बसवणाऱ्या बापाला कोण बघतो? पण एक गोष्ट माझ्या बाजूला होती. माझी गोष्ट मी अजून कुणाला विकली नव्हती. मुलगी परवानगी मागायला आली होती, म्हणजे हक्क माझ्याकडे होता. आणि माझ्याकडे असं काही होतं जे नाटकात नव्हतं, कारण मुलीला ते माहीतच नव्हतं. अडचण एवढीच की ते सांगायचं नाही असा मी शब्द दिला होता. टाळी वाजवून.

त्याचं असं झालं. मुलं लहान असताना मी एका छोट्या व्हॅनमधून हॉटेलांना मसाले पोहोचवायचो. रविवारी मुलांना बरोबर न्यायचो आणि आम्ही वाटेत गायचो. या बाजारगल्लीच्या तोंडाशी कोपऱ्यावरचं दुकान बंद पडलेलं होतं. मला ते हवं होतं, पण भाडं माझ्या आवाक्याबाहेरचं. गल्लीच्या संघटनेचा प्रमुख आणि त्या दुकानाचा मालक एक म्हातारा चहापत्तीवाला होता, ओसाकाचा अस्सल व्यापारी. त्याच्याशी मी दिवसामागून दिवस घासाघीस केली. तीनदा उठून गेलो, तीनदा त्याने मला स्टेशनपर्यंत जाऊ दिलं. मग एका रविवारी त्याने व्हॅनमधून येणारं गाणं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यानेच बोलावलं. म्हणाला की गल्ली मरत चालली आहे, लोक मोठ्या मॉलमध्ये जातात. तुझी मुलं दर रविवारी दुपारी इथे गल्लीच्या छपराखाली चौकात गातील तर लोक थांबतील. ती गात आहेत तोवर भाडं निम्मं.

मी तिथल्या तिथे टाळी वाजवली. आजही मला वाटतं की माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला सौदा.

घरी सांगितलं तर बायको भडकली. राग माझ्या नाकावर असतो असं सगळे म्हणतात, पण तिचा राग ज्याने पाहिलाय त्याला माझा म्हणजे कढीवरची वाफ. पोरांच्या गळ्यावर दुकान घेतलंत, असं म्हणाली. पण तीही व्यापाऱ्याच्या घरातली. रात्रीच्या जेवणापर्यंत तिने हिशेब केला आणि एक अट घातली. मुलांना हे कधी कळता कामा नये. भाड्यासाठी गातोय हे कळलं तर त्यांचं गाणं मजुरी होईल, सूर आखडेल, पुढे ती गाण्याचं नाव काढणार नाहीत. मला पटलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघांनी टाळी वाजवली.

मुलांनी चौकात काही वर्षं गायलं. लोक थांबायचे, थांबले की लोणची घ्यायचे, मासे घ्यायचे, माझी हळद घ्यायचे. थोरली मोठ्या शाळेत गेली तसं ते बंद झालं, पण तोवर दुकानाने मूळ धरलं होतं. आणि मी शब्द पाळला. शनिवारचा सराव का चुकवायचा नाही, हे मुलांना कधी सांगितलं नाही. त्यांच्या बाजूने बघायचं तर बापाला कसलंतरी वेड होतं, एवढंच. त्या मोठ्या घरातल्या मुलांना निदान माहीत होतं की बँक बुडाली आहे.

तेव्हा आता वाट एकच होती. बायकोकडून शब्द सोडवून घ्यायचा.

मुलं झाल्यापासून ती मला ओतोसान, म्हणजे बाबा, म्हणते. इथल्या बायकांची तशी पद्धतच आहे. मी सकाळी चहा पिताना विषय काढला. ती शांतपणे टोस्टला लोणी लावत ऐकत होती. मी त्या खऱ्या कुटुंबाचं सगळं सांगितलं, त्या बिचाऱ्या आरमारवाल्याचं, विकलेल्या हक्कांचं. शेवटी म्हणालो की एवढी वर्षं मी तुझ्या अटीपायी कडक बाप होऊन राहिलो, आता मला मोकळं कर.

"टाळी वाजवली होती," ती म्हणाली.

मी म्हणालो की टाळी दोघांनी वाजवली होती, तर दोघं मिळून उघडूही शकतो. तिने विचारलं, बदल्यात काय देणार? पंचवीस-तीस वर्षांचा संसार झाला तरी या बाईने मला कधी काही फुकट दिलेलं नाही. मी विचारलं, तुला काय हवं?

ती उठली आणि कपाटावरून कागदांचा गठ्ठा घेऊन आली. मुलीने तिलाही एक प्रत दिली होती, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तिने अंगाईचं पान काढून माझ्यासमोर आपटलं.

"ओतोसान, यात मी इतकी गोड आहे की वाचून मला मळमळलं. मी कधी गायले? अंगाई तिथून निघाली पाहिजे. मुलीला सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही सांगाल तर निम्मं भांडणच होईल."

म्हणजे या घरात एकट्या माझीच तक्रार नव्हती. मला एकदम बरं वाटलं.

मुलीला रविवारी जेवायला बोलावलं. बायकोने जेवण होऊ दिलं, मग टेबल पुसता पुसता सगळं सांगून टाकलं. तिची सांगायची पद्धत वाण्याच्या बिलासारखी, एकाखाली एक, कुठे थांबणं नाही. चहापत्तीवाला, भाडं, चौक, अट. मी गप्प बसायचं असं आधीच ठरलं होतं, आणि मी बसलो. मुलीच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस काही केलं नाही, लोणच्याच्या बरणीवरचं लेबल वाचत राहिलो.

मग तिने जपानीतच विचारलं की भाडं किती कमी झालं होतं.

"निम्मं," मी म्हणालो.

"आम्ही दोघं मिळून निम्मं?"

"दोघं मिळून."

"आणि ती हार्मोनियम मी व्हॅनपासून चौकापर्यंत ओढत न्यायचे, त्याचं काय?"

ते भावात धरलं नव्हतं, असं मी सांगितलं. धरायला हवं होतं, असं ती म्हणाली, आणि धाकट्याचा आवाज इतका बेसूर होता की खरं तर वाचलेले दोन तृतीयांश पैसे तिचेच व्हायला हवेत. तिची आई हसली. मीही हसणार होतो, पण मुलगी उठून सिंकपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून भांडी घासायला लागली. नळ चालू होता. थोड्या वेळाने ती बोलली तेव्हा मराठीत बोलली.

"मला वाटायचं, माझा सूर चुकतो म्हणून तुमचा चेहरा तसा होतो. चौकात गाताना मी तुमच्याकडेच बघायचे बाबा. तुम्ही कधी आमच्याकडे बघत नव्हता. लोकांकडे बघत असायचा, कपाळाला आठ्या घालून."

जे होतं तेच बोललो.

"राग नव्हता गं. भीती होती. लोक थांबले नाहीत तर काय, याची."

नळ बंद झाला. तिने हात पुसले, येऊन बसली, आणि आपल्या प्रतीवर पेन्सिलीने रेघा मारायला लागली. पुढचा तासभर आम्ही तिघांनी जो बाजार केला तसा मी चहापत्तीवाल्याशीही केला नसेल. तिचं म्हणणं, पहिला अर्धा भाग तसाच राहील, कारण मुलांना तेव्हा जे दिसत होतं ते तसंच दिसत होतं; तेही खोटं नाही. मी म्हणालो, अर्धा फार झाला, एक प्रवेश पुरे. ती म्हणाली, तीन. दोनवर पटलं. टाळी राहणार, पण दुसऱ्या प्रवेशात दीड कडव्याचा सौदा घालायचा, म्हणजे लोकांना तिचा अर्थ कळेल. अंगाई गेली. तिच्या जागी आईने हिशेब करून अट घालण्याचा प्रवेश आला. त्यापुढे चहापत्तीवाला, भाडं, चौक, सगळं जसं झालं तसं. शेवटी कुणी विरघळणार नाही. शेवटी लोक थांबतात, बस्स. बदल्यात माझ्यावर एक अट: तालमीला यायचं असेल तर शेवटच्या रांगेत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

मी हो म्हणालो. नाटकाला हो म्हणालो, अटीलाही हो म्हणालो.

या सौद्यात मला गंडवलं गेलं, हे तालमींत लक्षात आलं. बायकोच्या नव्या प्रवेशाला सगळे पोट धरून हसायचे. तिचं काम करणाऱ्या मुलीला तर लोक येऊन हात मिळवायचे. माझ्या प्रवेशांत लोक चहा आणायला उठायचे. ही तक्रार मी मुलीच्या कानावर घातली. तिने ऐकून घेतली, बास.

पण खरं दुखणं होतं माझं काम करणाऱ्या माणसाचं. पुण्याचा इंजिनियर, अतिशय सज्जन. सगळ्यांना नावापुढे आदराचं सान लावून बोलणारा, स्टेजवर खुर्ची सरकवली तरी खुर्चीची माफी मागेल असा. बाप कडक नव्हता हे मुलीने त्याला नीट समजावलं होतं आणि त्याने ते फारच मनावर घेतलं होतं. चहापत्तीवाल्याशी भाव करायच्या प्रवेशात तो हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून, कमरेत वाकून भाडं कमी करा म्हणायचा. मी दोन तालमी गिळल्या. तिसऱ्या तालमीला सभागृहात शेवटच्या रांगेत बसलो होतो, आणि तो पुन्हा वाकला.

मी उभा राहिलो.

"अहो, भाडं ठरवताय की रजेचा अर्ज देताय?"

सगळे मागे वळले. मुलगी पियानोपाशी होती, तिने डोळे मिटले. मी पायऱ्या चढून स्टेजवर गेलो, कारण आता अट मोडलीच होती. त्या इंजिनियरला सांगितलं की पहिली गोष्ट, वाकायचं नाही. वाकलं की समोरचा भाव धरून बसतो. किंमत ऐकली की आधी हसायचं, मग दुकानातल्या भिंतीतली ओल दाखवायची, मग उठायचं. दारापर्यंत जायचं. मागे वळून बघायचं नाही, पण पावलं सावकाश टाकायची, म्हणजे त्याला हाक मारायला वेळ मिळतो. आणि त्याने हाक मारली नाही तर चिडायचं. खरंखुरं चिडायचं. आवाज पार गल्लीच्या टोकाला गेला पाहिजे.

इंजिनियर गोंधळला. तो मुलीकडे बघून म्हणाला, "पण काका तर कडक नव्हते ना? तुम्हीच तसं लिहिलंय."

मुलगी पियानोवरून उठून आली. कमरेवर हात, अगदी आईसारखी.

"बाबा, महिनाभर तुम्ही माझ्या डोक्याला त्रास दिला की तुम्हाला कडक दाखवू नको. आता हा माणूस तुम्हाला देवासारखा दाखवतोय तर तेही नको. तुम्हाला नक्की कसं हवंय ते एकदा सांगून टाका."

"कडक नव्हतो," मी म्हणालो. "पण गरीब गायही नव्हतो. ओरडू दे त्याला. फक्त मुलांवर नको, भाड्यावर."

तिने कानामागची पेन्सिल काढली, त्या प्रवेशाच्या पानावर काहीतरी लिहिलं, आणि इंजिनियरला म्हणाली, घ्या परत, वरून.

पहिल्यांदा त्याचा आवाज फाटला. पुन्हा करायला लावलं तेव्हा मध्येच त्याने सुमिमासेन, म्हणजे माफ करा, म्हटलं. मग चहापत्तीवाल्याचं काम करणाऱ्या दुसऱ्या इंजिनियरने त्याला खरोखरच काहीतरी टोचून सांगितलं, त्यांच्या ऑफिसातलं असावं, आणि आमचा माणूस भडकला. टेबलावर हात आपटला. ही किंमत आहे का चेष्टा आहे, असा त्याचा आवाज घुमला की सभागृहाचा रखवालदार दारातून डोकावला. स्टेजच्या कडेला माझ्या मुलीचं काम करणारी छोटी मुलगी हार्मोनियम घेऊन उभी होती. ती दचकली नाही. बाप कुणावर ओरडतोय आणि कुणासाठी ओरडतोय, हे तिला आता ठाऊक होतं. तो दारापर्यंत पोहोचला तसा तिने भाता दाबला आणि गवळणीचा पहिला सूर धरला.